पाळीवर उतरणारा माणूस

सिंदेवाहीजवळ मुरमाच्या रस्त्यावर सायकलची शर्यत होती. फी दरवर्षीसारखीच वाढलेली. भरताना मी चरफडलो होतो. अर्ध्या वाटेत चाक पंक्चर झालं. मागून मासे विकणारा एक म्हातारा सायकलवर आला. कॅरियरला टोपली, तिच्यावर ओलं पोतं. मी ट्यूब बदलेपर्यंत त्यानं मी न सांगताच माझी सायकल धरून ठेवली.

"याचे किती भेटते तुमाले?"

"भेटत नाहीत, मीच भरलेत," म्हणत मी आकडा सांगितला.

तो हसला नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाला, "एवढे पैसे देऊन घेतलेला रस्ता इतक्या घाईनं काऊन संपवून राह्यले, भाऊ?"

पुढे दोघं सोबत निघालो. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, येताच तो उतरला, चपला काढून हँडलला अडकवल्या आणि सायकल ढकलत चालू लागला.

"याच तलावाचे मासे विकतो. याच्यासमोरून बसून जावाले बरं नाई वाटत."

मीही उतरलो. बाकीचे धूळ उडवत पुढे गेले.

यंदा फी आणखी वाढली. मुकाट भरली. पाळीवर उतरलो तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "पंक्चर का?"

मी बूट काढून हँडलला अडकवले.