त्या सकाळी रस्ता कुणासाठी उघडा होता

"प्रभूनं दार बंद केलं" असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते. म्हणजे मी काही देवाधर्मावर उठलेली बाई नाही. रविवारची उपासना सहसा चुकवत नाही, प्रार्थना केल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. पण या एका वाक्याशी माझं जुनं वैर आहे, आणि ते चंदीगडजवळच्या चंडीमंदिरच्या छावणीत सुरू झालं.

पप्पा सुभेदार होते. आम्ही मूळचे नगरचे, बदल्यांमागे फिरत फिरत चंडीमंदिरला येऊन पोचलेलो. पप्पांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. पंजाबात तेव्हा दहशतवादाचे दिवस होते, रोज कुठे ना कुठे माणसं मारली जायची. चंदीगडच्या चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली असायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं हे सांगावंही लागत नसे. मी बी.एस्सी., बी.एड. करून घरी बसले होते. पुढचं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नगरला परतायचं, नात्यागोत्यातला एखादा बरा मुलगा बघायचा, आणि माझं लग्न उरकायचं. मला ते नको होतं. अंबाल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी होती आणि राहायला खोलीही मिळणार होती. मी अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं. चंडीमंदिर आणि चंदीगडमधली आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेला जमायचो. बहुतेक फौजेतली, काही हवाई दलातली, कॉलेजात शिकणारी दोन-चार मुलं, आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात फोरमन असलेले एक काका. जमायचं ते एका कर्नलसाहेबांच्या बंगल्यात, कारण त्यांचा हॉल मोठा. सभा चालवायच्या कर्नलसाहेबांच्या पत्नी. त्यांना सगळे मॅडम म्हणत. चर्चचे पाळक कधीमधी यायचे, त्यामुळे एरवी प्रभूला जे काही बोलायचं असेल ते तो मॅडमशी बोलायचा. कुणी बदलीचा अर्ज करावा, कुणी मुलीला हॉस्टेलला ठेवू नये, कुणी स्कूटर घ्यायची घाई करू नये. मॅडम डोळे मिटायच्या, आणि डोळे उघडेपर्यंत उत्तर तयार असायचं. माझ्या एक गोष्ट लवकरच लक्षात आली होती. अफसरांच्या बायकांना प्रभू सल्ला द्यायचा आणि सुभेदार-हवालदारांच्या बायकांना हुकूम सोडायचा. देवालासुद्धा रँक कळत होती.

तर पप्पांनी माझ्या मुलाखतीचा विषय त्या हॉलमध्ये काढला. मला न विचारता. मी तिथेच सतरंजीवर बसले होते, तरी माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं ते मी नगरला असल्यासारखं.

"आपण चिन्ह मागू या," मॅडम म्हणाल्या. "प्रभूची इच्छा असेल तर त्या दिवशी तो रस्ता उघडा ठेवेल. नसेल तर दार बंद करेल. सिंपल."

सगळे आमेन म्हणाले. पप्पा सगळ्यांत मोठ्यानं.

आणि मुलाखतीच्या दिवशी पंजाब बंद पुकारला गेला. त्या वर्षांत पंजाब बंद होणार नाही यावर कुणी पैज लावली नसती. असं चिन्ह मागणं म्हणजे डिसेंबरात चंदीगडला धुकं पडलं तर लग्न कर, नाही पडलं तर नको, असं म्हणण्यासारखं होतं. अंबाला हरियाणात, आम्ही राहत होतो तेही हरियाणात, पण मधला रस्ता पंजाबचा. बसगाड्या सुटल्याच नाहीत. मी साडी नेसून, पदराला पिन लावून, सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. पप्पा रेडिओ बंद करून आत आले.

"चल, कपडे बदल," ते म्हणाले. "उत्तर मिळालं."

त्यांच्या आवाजात सुटका होती. तीच मला जास्त लागली.

पुढच्या शनिवारी मॅडम साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"बंदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाची दिल्लीत एंट्रन्स होती," त्या सांगू लागल्या. "बस नाही, टॅक्सीवाला हात जोडतोय. मी गुडघ्यांवर गेले. म्हटलं, प्रभू, तूच बघ आता. आणि काय सांगू! युनिटची गाडी अंबाल्याला निघालीच होती. मुलगा तिच्यात बसला, अंबाल्याहून ट्रेन पकडली, पेपर एकदम मस्त गेला. रस्ता इतका क्लिअर की विचारू नका. जिथे सगळी दारं बंद, तिथे आपला प्रभू दार उघडतो!"

"प्रभूची स्तुती असो," हॉल एका सुरात म्हणाला.

माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. आईनं माझा हात दाबला, म्हणजे तिलाही कळलं होतं. पण मी बोललेच.

"मॅडम, त्या गाडीत जागा होती का?"

"कुठल्या गाडीत, बेटा?"

"अंबाल्याच्या. त्याच सकाळी मलाही अंबाल्यालाच जायचं होतं."

फोरमन काका उगाच खोकले.

"प्रत्येकासाठी प्रभूची योजना वेगळी असते," मॅडम म्हणाल्या. हसू तसंच होतं, डोळे मात्र बदलले.

"रस्ता तर एकच होता," मी म्हटलं.

घरी येऊन दार लावल्यावर पप्पा फुटले. कर्नलसाहेब काय म्हणतील, निवृत्तीचे कागद त्यांच्याच टेबलावरून जायचेत, पोरीच्या जातीला एवढी जीभ बरी नव्हे. मग उद्याच्या उद्या जाऊन माफी मागायचा हुकूम झाला. मी गेले. आवाज चढला त्याबद्दल माफी मागते, एवढंच म्हटलं. प्रश्नाबद्दल मागितली नाही. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी तुला केव्हाच क्षमा केली. तुझ्यातल्या बंडखोर आत्म्यासाठी मी रोज प्रार्थना करीन." तो हात झटकून टाकावा असं इतकं वाटलं, की मी दोन्ही मुठी पाठीमागे आवळून उभी राहिले.

यात पप्पांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्या काळात बसमधून माणसं उतरवून गोळ्या घातल्याच्या बातम्या येत. ज्या घरातल्या पोरीला त्या रस्त्यानं जायचंय त्या घरात झोप कशी लागणार? पप्पा नुसतं "मला भीती वाटते" म्हणाले असते तर मी त्यांच्याजवळ बसले असते, कदाचित गेलेही नसते. मॅडमनी "दोन्ही मुलांना गाडीत घ्या" म्हटलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. पण आपली भीती, आपली सोय, आपला रुबाब हे सगळं देवाच्या नावावर खपवायचं, आणि समोरच्यानं ब्र काढला तर तो देवाविरुद्ध! शहाणपण मागा, ते मिळतं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. डोकं बाजूला काढून ठेवा असं कुणी शिकवलं नव्हतं.

मुलाखत अर्थातच पुढे ढकलली गेली होती. बंदमुळे कुणीच पोचलं नव्हतं. नवी तारीख कळली तेव्हा मी ती शनिवारच्या सभेत नेली नाही. फोरमन काकांना गाठलं, कारण ते कामासाठी नेहमी अंबाल्याला जायचे. ते म्हणाले, "उजाडल्यावरची बस धर, दुपार कलायच्या आत परत फिर. रस्ता सेफ आहे असं मी सांगणार नाही. पण मी जातो." मला इतकं सरळ उत्तर त्या हॉलमध्ये कधी मिळालं नव्हतं. मग आईला विचारलं. ती चपाती लाटत होती.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "पण भीती माझी आहे, देवाची नाही. तू त्याला विचारलंस का?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"मग तुलाच ठरवायला लागेल," आई म्हणाली, आणि पुढची चपाती तव्यावर टाकली.

पप्पांना मी आदल्या संध्याकाळी सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सकाळी त्यांनी बूट घातले आणि माझ्याकडे न बघता ड्यूटीवर निघून गेले.

चंदीगडच्या सतरा सेक्टरच्या स्टँडवरून बस धरली. डेराबस्सीच्या अलीकडे नाका होता. सगळ्या पुरुषांना खाली उतरवलं, पिशव्या उपसल्या. पोलीसच होते, पण ते कळेपर्यंत मी सर्टिफिकेटांची फाइल छातीशी घट्ट धरून बसले होते. शेजारची सरदारीण माझा हात धरून पुटपुटत होती, मीही पुटपुटत होते, दोघींचा देव वेगळा आणि घाम सारखाच. मुलाखत झाली. नोकरी मिळाली.

ही बातमी मॅडमकडे माझ्याआधी पोचली. शनिवारी त्यांनी मला मायेनं जवळ बोलावलं. "बघा! आपण सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि प्रभूनं आपल्या वेळेनुसार दार उघडलं. ये बेटा, साक्ष दे."

म्हणजे दार बंद केलं त्यांनी आणि उघडलंही त्यांनीच. मी उभी राहिले. पप्पा मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत होते.

"मी बसनं गेले," मी म्हटलं. "नाक्यावर फार घाबरले. देवाकडे धीर मागितला, तो जेमतेम पुरला. पण जायचं मी ठरवलं होतं. उद्या हे चुकीचं निघालं तर चूक माझी असेल. त्यात प्रभूला ओढू नका."

मॅडमनी लगेच गीताला सुरुवात केली. गीत चुकीच्या पट्टीत गेलं, तरी सगळे नेटानं गात राहिले. त्यानंतर मला त्या हॉलमध्ये कुणी प्रार्थना करायला सांगितलं नाही, आणि मी कुणाला करायला सांगितली नाही.

आणि ते चुकीचंच निघालं. शाळा भिकार होती. मुख्याध्यापिका पगार अडवून ठेवायची, विज्ञानाच्या तासाला शिवणकाम घ्यायला लावायची, आणि देणार म्हटलेली खोली म्हणजे गोदामाचा कोपरा होता. दुसऱ्या वर्षी मी राजीनामा दिला. तोवर पप्पा निवृत्त होऊन आई-पप्पा नगरला गेले होते. मॅडमना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा निरोप आईपर्यंत गेलाच: प्रभूनं तेव्हाच खूण दिली होती, मुलीनं ऐकलं नाही. मी अंबाल्यात सामान बांधत होते आणि मनात त्यांना शिव्या घालत होते. चुकीची शाळा निवडली म्हणजे स्वतः निवडणंच चुकलं असं होत नाही, हे त्यांना कुणी सांगावं!

मला न्यायला पप्पा नगरहून आले. फौजेची सवय, ट्रेनमधून उतरून दाढी करून मगच माझ्या दाराशी उभे. मी वाट बघत होते ती "मॅडम म्हणाल्या होत्या" या वाक्याची. त्याला काय उत्तर द्यायचं ते रात्रंदिवस घोकून ठेवलं होतं.

त्यांनी गोदामाच्या कोपऱ्याकडे बघितलं, ओल्या भिंतीकडे बघितलं, वळकटीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग?" ते म्हणाले. "पुढं काय करायचं ठरवलंयस?"

पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा मला हे विचारलं होतं. घोकलेलं उत्तर या प्रश्नाचं नव्हतं.

"अजून काही ठरवलं नाही," मी म्हटलं.

"ठरव," पप्पा म्हणाले. "आम्ही थांबतो."