पहिल्या पानावर सापडणारा माणूस

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या स्पेन्स कोव्हमध्ये आजवर एकही खून झालेला नाही, आणि माझ्या भावजयीला, एफीला, याचं मनापासून वाईट वाटायचं.

"इतकं सोयीचं गाव," ती म्हणायची. "तीन बाजूंनी कडे, समोर दर्या, फेरीबोट आठवड्यातून दोनदा. खुनी पळणार कुठे? पण आपली माणसं बघ ना विनी. एकाला धड भांडता येत नाही, खून कुठला करतायत!"

एफी स्नूक मूळची पलीकडच्या खाडीतली. माझ्या थोरल्या भावाशी, लिअँडरशी, लग्न करून इकडे आली आणि मासळीच्या कारखान्यात माझ्याच शेजारी उभी राहून कॉड माशाचे काटे काढायला लागली. कारखाना बंद पडला तेव्हा ती गावच्या हॉलमध्ये स्वयंपाक करायला लागली, मी घरी बसले. अंगाने थोराड, आवाज धक्क्यापर्यंत ऐकू जाणारा, आणि डोक्यात चोवीस तास खून. फेरीबोटीने वाचनालयाची पेटी आली की पहिला हात तिचा. मुलगी दूर अल्बर्टात नोकरीला, ती टीव्हीवरच्या नव्या मालिकांची नावं फोनवर कळवायची. स्कॉटलंडची बेटं, आइसलंडची गावं, स्वीडनची जंगलं. जिथे म्हणून थंडी आणि मुडदा एकत्र आहे तिथे एफी जाऊन आलेली.

दुकानात कुणी तिला "कशी आहेस" विचारत नसे. "काय एफीमावशी, काल कोण गेलं?" असं विचारत.

"दंतवैद्य," ती डब्याचं दूध पिशवीत टाकत सांगायची.

"अरेरे. चांगला होता का?"

"कसला चांगला! मी असते तर दुसऱ्याच पानावर मारला असता."

हल्लीच्या गोष्टींबद्दल तिची एक मोठी तक्रार होती. पूर्वीचा खुनाचा शोध लावणारा माणूस कसा टापटीप असायचा, वेळेवर चहा घ्यायचा. आताचे सगळे कुढे. बायको सोडून गेलेली, झोप नाही, दारू फार. "सहा भाग झाले, हा बाबा एकदाही जेवला नाही," ती मला रागाने सांगायची. "थंडीत कोटाची बटणं लावत नाही. अशाने डोकं चालेल कसं? त्याला कुणी वाटाण्याचं सूप द्या, तिसऱ्या भागात खुनी पकडून देईल." मी हसायचे. पण मला दिसायचं की ती त्या कुढ्या माणसावर जीव टाकते, कारण तो न जेवता न झोपता एका मेलेल्याच्या मागे लागलेला असतो. कुणीतरी कुणासाठी एवढं हैराण व्हावं, हे तिला बघायचं असायचं.

आणि एक नियम होता. मुडदा पहिल्या पानावर, फार तर दुसऱ्या पानावर सापडला पाहिजे. "माणूस बेपत्ता" अशी सुरुवात असली की ती पुस्तक मिटून पेटीत परत टाकायची. पोरं तिची थट्टा करायची की मावशीला धीर नाही, तिला लगेच रक्त लागतं. मला मात्र कारण माहीत होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, मासा संपत आला म्हणून सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, त्याच्या आदल्या हिवाळ्यात लिअँडर आणि कालेब पार्डीची दोन्ही मुलं बोट घेऊन गेली ती परत आली नाहीत. कालेबच्या दोन्ही मुलांची प्रेतं सापडली. आमच्याकडे दर्यात बुडालेल्याला धक्क्यावरून वर चर्चकडे नेतात, तेव्हा कुणी कुंपणाशी उभं राहून बघत नाही. खिडक्यांचे पडदे ओढायचे, दारात यायचं, आणि प्रेत दारासमोरून पुढे गेलं की मागे चालू लागायचं. वर पोहोचेपर्यंत सगळं गाव मागे असतं. एफी थोरल्या पार्डीच्या मागे चढली, धाकट्याच्या मागे चढली. मग रोज धक्क्यावर जाऊन उभी राहिली. लिअँडर आलाच नाही.

चर्चच्या आवारात पार्डींचे दोन दगड आहेत आणि त्यांच्या शेजारी मोकळी जागा. लिअँडरच्या नावाचा दगड बसवू, प्रार्थना करू, असं मी एफीला दर वसंतात म्हणायचे. "सापडला की बसवू," ती म्हणायची. आवाज चढवायची नाही, तेवढंच बोलायची. मला राग यायचा. नवरा तिचा होता, कबूल, पण भाऊ माझा होता. मला फुलं ठेवायला जागा नको? एकदा तर मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिने पाव भाजून दारात ठेवला आणि वर म्हणाली, "तुझं तोंड वाकडं आहे, पोट तर सरळ आहे ना?"

अशा या बाईच्या गावात एके दिवशी टीव्हीवाले आले.

न्यूफाउंडलंडच्या एका खेड्यात दर भागात एक माणूस मरतो अशी मालिका, आणि ते खेडं म्हणून त्यांनी आमचं गाव निवडलं. एफीचं तर नशीबच उघडलं. हॉलमध्ये सगळ्यांचा स्वयंपाक तिच्याकडे. त्या मालिकेतल्या शोध लावणाऱ्या नटाला तिने पहिल्याच दिवशी समोर बसवून खारी मासळी आणि बटाटे खाऊ घातले. "पडद्यावर जेवू नकोस हवं तर," ती म्हणाली, "इथे जेव." दिग्दर्शिका जोसलिन हॅलिफॅक्सची. शांत बाई, सतत हातात गार झालेला चहा. तिने गावातल्या सगळ्यांना एका दृश्यात उभं राहायला बोलावलं. धक्क्याखाली प्रेत सापडतं, पोलीस ते उचलून गाडीपर्यंत आणतात आणि गाव कुंपणाशी उभं राहून बघतं.

हे ऐकून एफी बटाटे सोलता सोलता थांबली. मी म्हटलं, "नको येऊस. स्वयंपाक आहे म्हणून सांग."

"वा गं वा," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांचे मुडदे पाहिले, आता माझ्या अंगणात आलाय तर चुलीशी बसू होय?"

चित्रीकरणाच्या सकाळी ती हॉलमध्ये मुडद्यालाच खाऊ घालत होती. डेक्लन नावाचा सेंट जॉन्स शहरातला मुलगा, पंचविशीचा, भुरे केस. तळलेल्या पिठाच्या टिक्क्यांवर काकवी ओतून तिने त्याच्यापुढे सरकवल्या.

"खा पोटभर. पुढं कितीतरी वेळ मरून पडायचंय तुला."

"मावशी, पोट दिसलं तर दिग्दर्शिका ओरडेल."

"बुडालेल्याचं पोट दिसतंच बाळा. खा."

मग जोसलिनने आम्हाला कुंपणाशी उभं केलं. कोण कुठे, कुणी कुठे बघायचं, सगळं समजावलं. "लक्षात ठेवा, तुमच्यातलाच एक खुनी आहे. एकमेकांकडे जरा संशयाने बघा."

कालेब पार्डी आता नव्वदीला टेकलेला. त्याने विचारलं, "खुनी मी आहे का?"

"ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

"बरं. पण संशयाने मी या लोकांकडे रोजच बघतो, वेगळं काही करायला लागणार नाही."

सगळे हसले, एफी सगळ्यात जोरात. ऑक्टोबरचा दिवस, वारा बोचरा, पण ऊन स्वच्छ होतं. खालून पोलिसांच्या कपड्यातले चार नट स्ट्रेचर घेऊन वर यायला लागले. डेक्लनला त्यांनी मच्छीमाराचे पिवळे मेणकापडी कपडे घालून वर घोंगडी टाकली होती. केस ओले, चेहऱ्याला राखेसारखा रंग, एका पायात बूट आणि दुसरा पाय उघडा. मला माहीत होतं की तो थोड्या वेळापूर्वी काकवी चाटत होता. तरीही मी त्या उघड्या पायाकडेच बघत राहिले.

स्ट्रेचर एफीच्या समोरून पुढे गेलं, आणि एफी कुंपण सोडून त्याच्या मागे चालू लागली.

तिने ठरवून केलं असं मला वाटत नाही. पायांनीच केलं. तिच्यामागोमाग कालेबने टोपी काढली आणि काठी टेकत निघाला. मग मी. मग सगळेच. कॅमेरा आहे, संशयाने बघायचं आहे, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्याकडे प्रेत दारावरून गेलं की माणूस उभा राहत नाही, एवढंच. पोलीस झालेल्या नटांनी मागे वळून पाहिलं, गोंधळले, त्यांना गाडीपाशी थांबायचं होतं. पण मागून सगळं गाव चढत होतं. ते बिचारे गाडी ओलांडून चर्चच्या रस्त्याला लागले. जोसलिन एकदाच "थांबा" म्हणून ओरडली. नंतर तिचा आवाज आला नाही.

कालेबने गायला सुरुवात केली. दर्यात बुडालेल्यांसाठी म्हणतात ते प्रार्थनागीत. त्याला सूर कधीच नव्हता, त्या दिवशीही नव्हता. आम्ही सगळे त्या बेसुरातच सामील झालो. एफी गात नव्हती. ती स्ट्रेचरच्या बाजूला आली आणि चालता चालताच घोंगडीचं टोक ओढून त्या उघड्या पायावर नीट खोचलं.

चर्चच्या फाटकाशी नट थांबले, कारण पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एफी पुढे झाली. त्या मुलाच्या ओल्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आलास एकदाचा. किती वाट बघायला लावलीस रे."

तिने हात तसाच ठेवला, बराच वेळ. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऊठ आता बाळा, गारठला असशील. चहा ठेवते."

डेक्लन उठला तो रडतच. डोळ्यांतून पाणी वाहून त्या राखाडी रंगात रेघा पडल्या होत्या. जोसलिनच्या धावत आलेल्या एका माणसाने कपाळावर हात मारला. "मेलेला माणूस रडतोय कसा? सगळं दृश्य परत घ्यावं लागणार!"

"परत नाही," कालेब म्हणाला.

"आजोबा, फक्त एकदाच..."

"मेलेल्याला एकदाच वर आणतात," कालेब म्हणाला आणि टोपी डोक्यावर घातली. कुणी खाली जाईना. त्या माणसाने जोसलिनकडे पाहिलं. जोसलिनने एफीकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. जे मिळालंय ते पुरे आहे." ही बाई पुन्हा कधी भेटणार नाही मला, पण त्या एका वाक्यासाठी मी रोज तिचं भलं चिंतते.

एफीने सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना चहा दिला. भांडी घासली. संध्याकाळी जेवणाच्या आधी माझ्याकडे आली, कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"विनी, पाद्रीणबाईला फोन लाव."

"का गं? बरं नाही का तुला?"

"बरी आहे. लिअँडरचं करून टाकू. दगड, प्रार्थना, सगळं. पार्डींच्या शेजारी."

इतकी वर्षं हे ऐकायला माझे कान आसुसलेले. मी उठून तिला मिठी मारायला हवी होती. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"एवढी काय घाई आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही माझ्याकडे बघतच राहिले म्हणा. मी दर वर्षी दगड मागत होते, भांडत होते, रुसत होते, कारण ती देणार नाही याची मला खात्री होती. ती "सापडला की" म्हणायची आणि मला शहाणपण मिरवता यायचं. माझ्या भावाची वाट ती एकटी बघत नव्हती. माझ्या वाटणीची वाटही तिनेच बघितली, धक्क्यावर उभी राहून, लोकांची थट्टा झेलून, माझा रागही झेलून. मी घरात बसून समजूतदार झाले.

"मला वाटायचं तू कधीच हो म्हणणार नाहीस," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटायचं."

"तो डेक्लन काही आपला लिअँडर नाही गं."

"ते मला कळतं. मी वेडी नाही." तिने माझा हात हातात घेतला. मासळीच्या कारखान्यात गार पाण्याने सुजायचे तेव्हा घ्यायची तसाच. "पण मी त्याच्या मागे वर चढले विनी. एकदा तरी चढले. आणि तू होतीस मागे. तुझा आवाज ऐकू येत होता मला, कालेबच्या वरताण बेसूर."

मला हसू आलं, आणि हसता हसता जे सुरू झालं ते थांबेना. लिअँडर गेला तेव्हा मी रडले नव्हते. एफीला सावरायचं होतं, मग कारखाना होता, मग तिच्याशी भांडायचं होतं. आता मी टेबलावर डोकं ठेवून लहान बहिणीने रडावं तशी रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

बाहेर अजून उजेड होता. थोड्या वेळाने तिने फोन माझ्यापुढे सरकवला. "तू बोल," ती म्हणाली. "तुझा भाऊ आहे."

मी नंबर फिरवला.