खिशातली पुस्तिका

आज सकाळी रेडिएटरवर वाळत घातलेल्या लोकरी हातमोज्यांचा ओलसर वास आला आणि आयर्लंडमधल्या स्लायगोची ती दुपार आठवली. तेव्हा मी धर्मप्रचारक म्हणून नगरहून दोन वर्षांसाठी आलो होतो. ध्यानीमनी नसताना बर्फाचं वादळ सुटलं आणि आमच्या चर्चसमोरच्या चढावर एक गाडी रुतली. फावडं घेऊन धावलो, तर आत मराठी माणसं! नवरा-बायको आणि साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या आजी.

चाकांपुढचा बर्फ उपसला, तरी गाडी हलेना. म्हणून तिघांना चर्चच्या हॉलमध्ये आणलं.

"आडनाव काय रे तुझं?" आजींनी विचारलं.

"जाधव."

त्यांचा चेहरा सैलावला. मग भिंतीवरचा क्रूस दिसला आणि तो पुन्हा आक्रसला. मी चहा पुढे केला, तर त्यांनी सुनेचा हात धरला. "थांब. आधी चहा देतील, मग पुस्तक देतील."

"नाही हो आजी, नुसता चहा आहे."

आजींनी माझ्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. धर्मप्रचाराच्या पुस्तिकेचा भिजलेला कोपरा बाहेर डोकावत होता.

आजी नुसतं गरम पाणी प्यायल्या.

पुढे प्रचार सोडून मी इथे लिमरिकला नोकरी धरली, तरी आजींवरचा माझा राग गेला नव्हता. बोटं बधिर होईपर्यंत बर्फ उपसणाऱ्यावर कुणी असा संशय घेतं का? पण खरं सांगू? खिडकीतून ती गाडी दिसली, तेव्हा मी आधी पुस्तिका खिशात घातली होती. फावडं नंतर उचललं.