स्थापना दिनाचा कर्ता

एउसेबिओ गार्बारिनो आमच्या लागुना सोर्दा गावाचा इतिहासकार होता, कारण दुसऱ्या कुणालाच ते व्हायचं नव्हतं. पोटापाण्यासाठी तो नगरसभेचा सचिव. चौतीस वर्षं त्याने सभांचं इतिवृत्त लिहिलं. सचिवाने सभेत तोंड उघडायचं नाही असा आमचा नियम आहे. त्याची बायको नेलिदा म्हणायची, "तुझ्यासाठीच केलाय तो. घरात लागू झाला असता तर मीही सुखी झाले असते."

आमचं गाव वसलं त्याला स्थापना म्हणणं जरा जास्तच होईल. माळावर रेल्वेचं स्टेशन आलं, स्टेशनापाशी दारूचं दुकान आलं, आणि दुकानात जी माणसं बसली ती उठलीच नाहीत. पण एउसेबिओ नोकरीत नवा असताना प्रांताच्या सरकारकडून एक फॉर्म आला, आणि त्यात 'स्थापना दिनांक' असा रकाना होता. त्याने दप्तर उलटंपालटं केलं. हाती धूळ लागली. शेवटी त्याने १४ नोव्हेंबर १८९४ अशी तारीख ठोकून दिली. नोव्हेंबर का, तर उघड्यावर मांस भाजायला तेव्हा हवा चांगली असते. आणि १८९४ का, तर शेजारचं उर्दापिलेता गाव १८९५ सालचं होतं.

पुढे त्या तारखेचा ठराव झाला, सुट्टी झाली, घोडेस्वारांची मिरवणूक निघू लागली. दरवर्षी चौकात एउसेबिओचं भाषण व्हायचं. पहिल्या वर्षी त्या भाषणात बैलगाडीतून चार कुटुंबं उतरली. नवव्या वर्षी त्यांच्यासोबत एक पाद्री आला. पंधराव्या वर्षी पाद्र्याला कुत्रा मिळाला. आपण अख्ख्या गावाला टोपी घातली याची एउसेबिओला लाजही वाटायची आणि, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा नगरसभेने त्याला 'मान्यवर नागरिक' करायचं ठरवलं, 'स्थापना दिनाच्या संशोधनाबद्दल'. चोराच्या मनात चांदणं. त्याला जेवण गोड लागेना.

"सांगून टाकतो," तो नेलिदाला म्हणाला.

"कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी मेल्यावर कुणी शोधून काढलं तर? गावात गार्बारिनो नावाला कुणी विचारणार नाही."

"आत्ता कोण विचारतंय?" नेलिदा म्हणाली. तरी तिने त्याचा चांगला कोट इस्त्री करून ठेवला.

त्याच्या शेवटच्या सभेत सन्मानाचा विषय आला आणि सचिव उभा राहिला. सगळे चक्रावले. बियाण्यांचे व्यापारी साम्पिएरी यांनी त्याला बोलू देण्याचा ठराव मांडला. पाच विरुद्ध दोन मतांनी तो मंजूर झाला. विरोध करणाऱ्या दोघांना जेवायला घरी जायचं होतं. मग एउसेबिओने तारीख, साल, बैलगाडी, पाद्री, सगळं कबूल केलं. कुत्रा तर त्याने दोनदा कबूल केला.

अध्यक्षपदी एक्याऐंशी वर्षांच्या डेल्फिनाबाई होत्या. निम्म्या सभागृहाला त्यांनीच शाळेत शिकवलेलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाई."

"मग बस. अरे, तुला इतिहास मीच शिकवला. तुला तो किती येतो हे मला माहीत नव्हतं का?"

"आम्हाला तारीख कुठे हवी होती, सुट्टी हवी होती," साम्पिएरी म्हणाले. "आणि उर्दापिलेताचं काय सांगतोस? त्यांनीही अशीच लिहिलीय."

"कुत्रा मात्र मला खरा वाटला होता," मागून कुणीतरी हळहळलं.

लबाड म्हणवून घ्यायची एउसेबिओची तयारी होती. इतक्या वर्षांत कुणीच आपल्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे ऐकायची नव्हती. त्याला फार वाईट वाटलं. मग आठवलं की हीच माणसं दर नोव्हेंबरला खुर्च्या घेऊन चौकात यायची, भाषण संपेपर्यंत मांसाला हात लावायची नाहीत आणि शेवटी टाळ्या वाजवायची.

"'संशोधनाबद्दल' खोडा," डेल्फिनाबाई म्हणाल्या. "नुसतं नाव राहू द्या." सन्मान एकमताने मंजूर झाला.

इतिवृत्त त्यालाच लिहायचं होतं. त्याने लिहिलं: "सचिवांनी एक गोष्ट सांगितली. सभागृहाला ती पहिल्यापासून माहीत होती."