दाजींचा घोडा

दाजींना दाजी म्हणायचा खरा हक्क एकट्या मेहुण्याचा. पण दोघं जोडीनं घरं रंगवायचे आणि मेहुण्याचं दिवसभर "दाजी, डबा द्या, दाजी, पट्टी कुठाय" चालायचं. ते ऐकून ऐकून रंगाच्या दुकानदारापासून घरमालकांपर्यंत सगळ्यांचेच ते दाजी झाले. त्यांचं नाव होतं ते छतासाठी. भिंती काय, कुणीही फासेल! घोडा म्हणजे रंगाऱ्यांची दुपाखी लाकडी शिडी. बाकीचे रंगारी हातभर छत रंगवतात, उतरतात, घोडा सरकवतात, पुन्हा चढतात. दाजी उतरायचेच नाहीत. दोन्ही पाखांवर अनवाणी पाय रोवून, कंबरेला हिसका देत ते वरच्या वर घोडा चालवायचे. नजर छतावर, ब्रश छतावर, आणि खाली घोडा टकटक करत खोलीभर फिरतोय. घरातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची.

मग शुगर निघाली. दाजींनी तिला काडीचीही किंमत दिली नाही. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर राहिली. तळपायांना मुंग्या यायच्या. पुढे मुंग्याही थांबल्या, तेव्हा हा भला माणूस बायकोला म्हणतो, "बघ, आपोआप बरं झालं." कसलं बरं न् काय! पायच बधिर झाले होते. एका सकाळी तोंडाला साबण लावून, डोळे मिटून बेसिनपाशी उभे होते, ते धाडकन आडवे. कपाळाला टाके पडले.

"आता घोड्यावर चढायचं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दाजींना व्यायामाच्या मॅडमकडे धाडलं.

मॅडम वयानं मुलीसारख्या, पण बोलायला सरळ. "काका, पायाखाली काय आहे ते तुमचे पाय आता नीट सांगत नाहीत. म्हणून तोल जातो. पायात ताकद आणू, तोल सावरायची सवय लावू. पण रोज करावं लागेल."

दाजींनी एवढंच ऐकलं की तोल परत येतो. झालं! खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, जमिनीवरच्या चिकटपट्टीवर पावलापुढे पाऊल चिकटवत चालायचं. पहिल्या दिवशी पट्टीवरून असे झोकांड्या खात गेले की बाकावरचा एक म्हातारा फिदीफिदी हसला. दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हट्टी माणूस! घरी ओट्याला धरून उभे राहू लागले. बायको म्हणायची, "अहो, बगळोबा, जरा सरका, मला भांडी घासायचीत." आणि तोंड फिरवून डोळे पुसायची, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते तिला ठाऊक होतं.

कामावर तोवर छत मेहुण्याकडे गेलं होतं. दाजी खाली बसून दारं घासायचे, भेगांत लांबीचा लगदा भरायचे. मेहुणा चढ-उतार करून दमायचा, छतावर ब्रशाचे पट्टे राहायचे. दाजींना ते बघवत नसे. "थांब थोडं," ते म्हणायचे, "मी येतोच वर." मेहुणा मान डोलवायचा, बिचारा दुसरं काय करणार?

आणि खरंच सुधारणा झाली. दाजी पट्टीवरून सरळ चालत गेले, वळले, परत आले. मॅडमनी टाळी वाजवली. "वा, काका! मानलं तुम्हाला."

"मग घोड्यावर चढायला हरकत नाही ना आता?"

मॅडमचा चेहराच उतरला. "काका, हे सगळं तुम्ही घरात, बाथरूममध्ये पडू नये म्हणून चाललंय. आत्ता चालताना तुमची नजर सारखी पावलांवर होती, बघितलंत का? वर छताकडे बघत काम करायचं, तेही उंचावर... नाही हो. मी हे आधीच सांगायला हवं होतं."

दाजींनी चपला घातल्या, वाकून पट्टे लावले आणि बाहेर पडले. इतके दिवस ओट्याला धरून घाम गाळला, तो बेसिनपाशी उभं राहता यावं म्हणून! त्यांना रडूच आलं, भर रस्त्यात.

दुसऱ्या दिवशी कामावर मेहुणा रंग ढवळत होता, तेवढ्यात दाजींनी चपला काढल्या आणि घोड्यावर चढले. पायऱ्या बघत बघत चढले, काही झालं नाही. वर पाय रोवले, एका हातानं घोड्याचं टोक घट्ट धरलं, ब्रश उचलला आणि मान वर केली. सगळं पांढरं छत गरकन फिरलं. पण ते पडले नाहीत. डोलले, सावरले, पुन्हा उभे! मनात आलं, बघा, म्हणे जमणार नाही! कधी नव्हे एवढा आनंद झाला त्यांना.

"बघितलंस का रे?" त्यांनी हाक मारली.

"बघतोय, दाजी," आवाज अगदी पायाशी आला.

दाजींनी खाली पाहिलं. मेहुणा घोड्याला छाती टेकून उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी दाजींची पावलं पाखांवर गच्च दाबून धरली होती, इतकी की त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"पाय कधी धरलेस? मला कळलंच नाही."

"तुम्ही वर उभे राहिलात तेव्हाच," मेहुणा म्हणाला. "सोडू का?"

दाजी त्या हातांकडे बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "मला उतरव."