शेवटच्या गाडीतली टकटक

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तयार झालेल्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे आणि गाडी खाचखळग्यांच्या चाचणी-रस्त्यावरून धावत असताना कुठे काय वाजतंय ते ऐकायचं, एवढंच त्याचं काम. गाड्या मात्र साध्यासुध्या नव्हत्या. बाहेरून डोंगर तुडवणाऱ्या आणि आतून दिवाणखान्यासारख्या. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला आत साधी कुरकुरसुद्धा ऐकू येता कामा नये.

"उजवा मागचा दरवाजा, खालची क्लिप सैल आहे," असं तो डोळे न उघडताच सांगायचा आणि दोष नेमका तिथेच सापडायचा. काहीच वाजलं नाही, तर एकच शब्द म्हणायचा, "गप्प." पुढे बसलेल्या ड्रायव्हरनं तो शब्द परत म्हणायचा, "गप्प," की गाडी पास.

"मी घसा फोडून हाका मारते, ते ऐकू येत नाही," बायको म्हणायची, "आणि गाडीत मुंगी शिंकली तर कळतं यांना!"

ड्रायव्हर म्हणजे सारथी. हेही टोपणनावच. या दोघांची जोडी या मॉडेलच्या पहिल्या गाडीपासूनची. चाचणीत ड्रायव्हरनं बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून निघण्याआधी सारथी बोटातली अंगठी स्टिअरिंगच्या धातूच्या दांडीवर दोनदा वाजवायचा. टक् टक्. म्हणजे "निघू?" मागून कानसेन म्हणायचा, "निघ." मगच गाडी हलायची.

गेल्या वर्षी एका सकाळी अशीच चाचणी झाली. गाडी रस्त्याच्या टोकाला येऊन हळूच थांबली. इतकी शांत गाडी कानसेनला आजवर मिळाली नव्हती. तो खूश होऊन म्हणाला, "गप्प." पुढून उत्तर आलं नाही. सारथी थट्टा करतोय असं समजून तो डोळे मिटून हसत बसला. बराच वेळ बसला. डोळे उघडले तेव्हा सारथ्याची मान खिडकीला टेकलेली होती.

सारथी गेल्यावर कानसेननं तो शब्द टाकला. गाडी पास झाली की "ठीक आहे" म्हणायचा.

आता हे मॉडेलच थांबणार होतं. मोठं पेट्रोल इंजिन जाऊन पुढच्या वर्षीपासून बॅटरीची गाडी येणार होती. जाता जाता कंपनीनं खास आवृत्त्यांचा सपाटा लावला. एक वाळूच्या रंगाची, एक पूर्ण काळी, एक आतून लाकूड लावलेली. प्रत्येकीच्या जाहिरातीत "शेवटची" हा शब्द.

"आमचे आजोबा असेच," नवी ड्रायव्हर म्हणाली. ही दोन मुलांची आई, जिभेला हाड नसलेली. "तीनदा सगळ्यांना शेवटचं भेटायला बोलावलं. चौथ्यांदा कोणी गेलं नाही, तेव्हा खरंच गेले."

खरी शेवटची गाडी गडद हिरव्या रंगाची होती. आतून चामड्यानं मढवलेली, स्टिअरिंगची ती धातूची दांडीसुद्धा. त्याच गाडीवर कानसेनचं भवितव्य ठरणार होतं. तरुण इंजिनिअरसाहेबांनी आवाज टिपणारं मशीन आणलं होतं, त्याचे माइक गाडीत बसवले होते.

"काका, स्पष्टच सांगतो," साहेब म्हणाले. "तुमचं ऐकणं आणि मशीनचं ऐकणं जुळलं, तर तुम्ही बॅटरीच्या गाडीच्या नव्या लाइनवर. नाही जुळलं, तर वरचे लोक म्हणणार, वय झालं."

कानसेन मागे बसला. डोळे मिटले. नवी ड्रायव्हर पट्टा लावत होती. तेवढ्यात पुढून आवाज आला. टक् टक्.

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. गाडी गेली, सगळे खड्डे पार करून परत आली. बाकी कुठेच काही वाजलं नाही.

"बोला काका," साहेब खिडकीशी आले. "मशीनला काहीच मिळालं नाही."

"ठीक आहे" एवढं म्हटलं की नव्या लाइनवर जागा पक्की होती. कानसेननं ओठ ओले केले. पण गाडीबद्दल खोटं बोलायला ती जीभ कधी वळलीच नव्हती.

"स्टिअरिंगवर वाजतंय. धातूवर धातू. दोनदा."

साहेबांनी निमूटपणे स्टिअरिंग उतरवून घेतलं. आत सैल काही नव्हतं, आणि वर उघडा धातू नखाएवढाही नव्हता. ड्रायव्हरनं हातमोजे काढून दोन्ही हात दाखवले. "काका, माझ्या बोटात अंगठी नाही हो. असती तर मुलांनी कधीच हरवली असती."

"पुन्हा एकदा करू," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती, तीच कानसेनला जास्त लागली.

या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. इंजिन बंद होतं. पुढे ड्रायव्हर दोन्ही हात मागे घेऊन केस बांधत होती. स्टिअरिंग रिकामं होतं.

टक् टक्.

आणि त्याला समजलं. इतका वेळ तो हा दोष समजत होता. हा दोष नव्हताच. कोणीतरी विचारत होतं, आणि वर्षभर त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

"निघ," कानसेन म्हणाला.

गाडी वीतभर पुढे सरकली आणि थांबली.

"काका..." ड्रायव्हरचे हात केसांतच राहिले. "मी अजून सुरूच केली नाही."

"कर आता."

तिनं इंजिन सुरू केलं. सगळा रस्ता संपला. टोकाशी आल्यावर कानसेननं वर्षभरानं तो शब्द उच्चारला, "गप्प." ड्रायव्हरही कुजबुजली, "गप्प."

साहेब मशीनपाशी कानांना हेडफोन लावून बसले होते. चेहरा उतरलेला.

"तुमची टकटक यात नाहीच," ते म्हणाले. "पण तुम्ही 'निघ' म्हणालात ना, त्याच्यानंतर... ऐका."

कानसेननं हेडफोन लावले. आधी केसांच्या पिनांची किरकिर, मग स्वतःचा आवाज, "निघ." आणि लगेच, अगदी जवळून, एक दमलेला पुरुषी आवाज, "येतो."

गाडीत असताना हे त्याला मुळीच ऐकू आलं नव्हतं.

"निघताना 'येतो'च म्हणतात, साहेब," हेडफोन काढत तो म्हणाला. "'जातो' म्हणत नाहीत. तशी पद्धत आहे."

"पद्धत आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे तेवढंच ना?"

कानसेननं हेडफोन त्यांच्या हातात ठेवले. साहेबांनी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. "तुमचं आणि याचं जुळलं असं मी कळवतो. नव्या लाइनवर या तुम्ही. मला या मशीनबरोबर एकट्याला बसायचं नाही."

हिरवी गाडी त्याच दिवशी ट्रेलरवर चढून गेली.

बॅटरीच्या गाडीची पहिली चाचणी निघाली, तेव्हा कानसेन नेहमीसारखा मागे बसला. इंजिनची घरघर नव्हती, त्यामुळे स्वतःचा श्वासही मोठा वाटत होता. तोच पुढून प्रश्न आला.

"निघू?"

त्यानं उत्तराची घाई केली नाही. पुढे वाकून, विचारणारं कोण आहे, ते त्यानं आधी नीट बघून घेतलं.