एकट्या पुरुषाला प्रवेश नाही

"अंकल, स्टॅग नॉट अलाउड."

दारातला तो फुगलेला बाउन्सर असं म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "स्टॅग म्हणजे काय रे?" तर म्हणे, "बिना लेडीज का जेंट्स." च्यायला! लालबागच्या ज्या परमिट रूममध्ये डेपोतली ड्युटी संपवून मी आयुष्यभर एकटा जाऊन बसलो, तिथे आता बाई दाखवल्याशिवाय मला आत घेणार नव्हते.

आत किचनच्या दाराजवळ, पंख्याखाली माझी खुर्ची. बसलो की वेटर काही न विचारता क्वार्टर, सोडा आणि उकडलेल्या चण्यांची बशी आणून ठेवायचा. तिथे दुसरा कोणी बसला असेल तर त्याला तोच उठवायचा. घरात मला कोण एवढा मान देत होतं?

मग जुना शेठ गावी जाऊन बसला आणि गल्ल्यावर त्याचा मुलगा आला. कुठून तरी हॉटेलचं शिकून आलेला. त्याला यंग क्राउड हवा होता. संगमरवरी टेबलं गेली, ट्यूबलाइटी गेल्या, भिंतीचं प्लास्टर खरवडून विटा उघड्या केल्या. माझ्या बापाचे कान मिलमध्ये मागाच्या ज्या धोट्यांच्या खडखडाटाने गेले, ते धोटे ह्याने सोनेरी रंग फासून भिंतीवर टांगले. हेही मी गिळलं. पण दारात अडवलं?

आवाज ऐकून मुलगा बाहेर आला. "अंकल, समजून घ्या ना. एकटे जेंट्स बसलेले दिसले की मुली आत येत नाहीत. मुली नाहीत तर पोरं नाहीत. व्हाइब खराब होते."

व्हाइब! ह्याला मी हाफ चड्डीत गल्ल्यामागे बसून पाढे म्हणताना पाहिलंय. म्हटलं, थांब लेका, तुझी नाही जिरवली तर नाव लावणार नाही.

आमच्या चाळीतला शिंपी आणि डेपोतला माझा जोडीदार, दोघांनाही तसंच हाकललं होतं. तिघे गॅलरीत बसलो. "कपल पाहिजे ना साल्याला?" मी म्हटलं. "आणू कपल. शनिवारी सहालाच जाऊ, दर्शनी टेबलं अडवू, एकेक लिंबू सोडा घेऊन बंद होईपर्यंत बसू. ह्याचा यंग क्राउड बसू दे रस्त्यावर." शिंपी म्हणाला, "आणि बायका येतील?" तो प्रश्न होताच.

आमच्या हिने बारची पायरी कधी चढली नव्हती. त्या बाजूच्या फुटपाथने चालायचीही नाही. मी घाबरत घाबरतच विषय काढला. वाटलं, आता लाटणंच येणार. तिने कपाट उघडलं आणि विचारलं, "कुठची साडी नेसू?"

शनिवारी आम्ही सहा जण दारात उभे राहिलो. बायका काठपदरात, केसांत गजरे. बाउन्सर पुढे आला. "कपल," मी म्हटलं, "मोजून घे." पुढची तीन टेबलं आम्ही धरली, एकेका टेबलावर एकेक जोडी. लिंबू सोडा मागवला तो घोटाघोटाने प्यायलो. आठ वाजता दारात पोरापोरींची ही गर्दी! आत डोकावायची, ताटकळायची, कंटाळून निघून जायची. शेठचा मुलगा हात चोळत यायचा, "अंकल, अजून काही?" मी म्हणायचो, "पाणी आण." देवाशपथ सांगतो, क्वार्टरने कधी चढली नाही एवढी मला त्या पाण्याने चढली.

हिचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती सगळीकडे बघत होती. "काय मेल्यांचो आवाज हो!" म्हणाली, पण मान गाण्यावर डोलत होती. मग तिने जुन्या वेटरला जवळ बोलावलं. "हे कुठे बसायचे रे?" त्याने इमानदारीत किचनजवळचा कोपरा दाखवला. ती उठली, तिथे जाऊन बसली, पंख्याकडे बघितलं, टेबलावरून हात फिरवला. मग परत येऊन बसली. "इतकी वर्सां तुमी हय येऊन बसत होतास?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मी खिडकीत असायचे."

मला तेव्हा हिच्या खिडकीचं काय करायचं होतं? मी जिंकत होतो.

सलग काही शनिवार आम्ही हाच खेळ केला. पोरगा रडकुंडीला आला. पण शेवटी बनियाचं नाही तरी धंदेवाल्याचंच रक्त. एक दिवस मला ओलांडून तो थेट हिच्यापाशी गेला. "आंटी, शनिवार आम्हाला सोडा ना. बुधवारी या. लेडीज नाईट असते, बायकांना सरबत फ्री, खाणं अर्ध्या भावात." हिने विचारलं, "मासे?" तो म्हणाला, "बोंबील फ्राय, आंटी." बुधवार म्हणजे आमचा मासळीचाच वार. ही हसली. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला, तिने पाय काढून घेतला.

बुधवारी ती चाळीचं अख्खं महिला मंडळ घेऊन गेली. मला वाटलं, बरं झालं, बायका खाऊन खाऊन ह्याचं दिवाळं काढतील. कसलं काय! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ऑफिसातून सुटलेल्या पोरी ह्यांच्या टेबलाला टेबल जोडून बसल्या. शिंपिणीने त्यांना फुगडी शिकवली, हिने बोंबील बरोबर तळले नाहीत म्हणून किचनमध्ये शिरून आचाऱ्याला झापलं. सगळं मोबाइलवर फिरलं. पुढच्या बुधवारी रांग पार नाक्यापर्यंत, सगळी विशी-पंचविशीतली पोरं, आणि शेठचा मुलगा हिला वाकून नमस्कार करतोय! ज्याचं वाटोळं करायला निघालो, त्याचं दुकान माझ्याच बायकोने चालवून दिलं. मी दातओठ खात घरी बसलेलो.

शेवटी एका बुधवारी राहवलं नाही. म्हटलं, पुरे झाली थेरं, जायचं आणि आपल्या खुर्चीवर बसायचं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाउन्सर आता ओळखीने हसला. "अंकल, अकेले?"

"माझी बायको आत बसलीय. पंख्याखाली. जा, विचार तिला."

तो आत गेला. काचेतून ती मला दिसत होती. माझ्या खुर्चीवर बसलेली, दोन पोरी तिच्या खांद्याला टेकलेल्या, समोर बोंबलांची ताटली. त्याने वाकून तिच्या कानात सांगितलं. तिने दाराकडे पाहिलं. मला पाहिलं, पक्कं पाहिलं. मग त्याला काहीतरी बोलली आणि परत ताटलीकडे वळली.

बाउन्सर बाहेर आला. बिचारा जरा ओशाळला होता. "अंकल, मॅडम बोल रही हैं, खाना ढक के रखा है, खा लेना. उनकी राह मत देखना."

'वाट बघू नकोस' हे वाक्य आमच्या घरात लग्नापासून एकच माणूस बोलत आला होता, आणि तो पायरीवर उभा होता.